टायटॅनियमचा दात, मिश्रीचं बोट

इम्प्लांट बसवून आलेला बदलापूरकर पहिले आठ दिवस दाताला फोडासारखा जपतो. नवव्या दिवशी दात पुन्हा मिश्रीच्या बोटाखाली. कारण तयारच असतं: टायटॅनियमला कीड लागत नाही!

खरंच नाही लागत. पण दात धरणाऱ्या स्क्रूभोवतीची हिरडी आणि हाड अजून घरचंच असतं ना. तिथे कीटण साचलं की हिरडी सुजते, ब्रशला रक्त दिसतं, मग हाड झिजतं आणि एक दिवस स्क्रूच डुगडुगतो. बहुतेकदा फारसं न दुखताच, म्हणून तर आपले बदलापूरकर काका निर्धास्त.

एरवी हेच स्क्रू टिकतातही. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी 1965 साली योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. 2006 साली लार्सन वारले, तेव्हाही ते स्क्रू जागेवर होते. आपल्याकडे स्कूटरची सर्व्हिसिंग चुकत नाही. हप्त्यांवर बसवलेल्या दाताला मात्र ‘बघू, दिवाळीनंतर’.

दोन वेळा मऊ ब्रश, फटींत बारीक इंटरडेंटल ब्रश, मिश्री-तंबाखू बंद आणि डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी. बस्स. लोकलच्या चौथ्या सीटसाठी दाखवता त्याच्या निम्मी चपळाई इथे पुरे.