कागद शे का?

शिंदखेड्याच्या तहसील कचेरीसमोर चहाच्या टपरीवर अकराच्या सुमाराला आप्पा हमखास सापडतात. पांढरा सदरा, काखेत प्लॅस्टिकची फाइल, खिशात भिंग. धंदा विचारला तर ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात. असे आप्पा तालुक्यात पूर्वीही होते. पण नरडाण्यावरून जाणाऱ्या मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि टपरीवरची बाकडी अपुरी पडू लागली. एमआयडीसीच्या बाजूला बांधावर कुणी टेप धरून उभा दिसला, की त्याची खबर शेतमालकाआधी आप्पांना लागते.

शेत बघायला नेलं, तर ते शेताकडे बघतच नाहीत. जमीन काळी की बरड, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती, हे त्यांच्या लेखी बारीकसारीक.

‘कागद शे का, भो?’

सातबारा हातात आला की आधी ‘इतर हक्क’. सोसायटीचा बोजा उतरला का? फेरफारात बहिणींची नावं होती, ती गेली कुठे? हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे की तोंडी? ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं, की अर्धा चहा ठेवून उठतात. पुण्याहून हौसेनं शेती घ्यायला आलेल्या नोकरदाराला ते कूळकायद्याचं कलम ६३ ऐकवतात: बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, ती महसुली नोंद आहे, हेही बजावतात. पंचाईत अशी, की यात आप्पांचं काहीही चुकत नाही. त्यांच्यामुळे दोन-चार जणांचे पैसे खरोखर वाचले असतील.

आता त्यांच्या स्वतःच्या इस्टेटीकडे वळू.

धुळ्याला देवपुरात आप्पांच्या चार खोल्या आहेत. त्यांतल्या दोन साक्रीकडच्या एका मास्तरांना दिल्या, त्या शब्दावर. भाडे रोख, पावती नाही. ‘अकरा महिन्यांचा व्यवहार नोंदवावा लागत नाही,’ हे आप्पांचं ठाम मत, आणि मास्तरांचे अकरा महिने संपून दोन दिवाळ्या झाल्या. पावसाळ्यात मास्तरांचा फोन येतो.

‘आप्पा, स्लॅब गयस.’

‘बादली ठेवा ना भो. पाऊस काय जन्मभर ऱ्हास का?’

दुसऱ्याच्या शेतातला १९७० सालचा फेरफार ज्यांना तोंडपाठ, त्यांनी स्वतःच्या छतावर पाय ठेवलेला नाही.

मास्तर मात्र वाचणारे निघाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्यांनी मोबाइलवरच उघडला. कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकानं करायची. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. आणि अकरा महिन्यांचं काय? कलम ५५ तशी सूट देत नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोटीस घेऊन आप्पा वकिलाकडे गेले. वकिलांनी पहिला प्रश्न केला, ‘कागद शे का?’

नव्हता. आणि नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. उलट सिद्ध करायचं ओझं घरमालकावर.