बटणराव

कचेरीत नवा टेलिफोन आला की त्याची वर्दी साहेबांच्या आधी बटणरावांना जाते. खोका उघडण्याचा मान त्यांचाच. वायरी इतरांनी जोडाव्यात, ते थेट तळाशी हात घालून माहितीपुस्तिका काढतात, चष्मा कपाळावर चढवून ती बारीक अक्षरं नाकाशी धरून वाचतात आणि जाहीर करतात, "तीन वन-टच, दहा टू-टच." म्हणजे एका दाबात लागणारे नंबर तीन, आणि 'मेमरी' दाबून वर आकडा दाबायचे असे दहा. आस्थापना शाखेत एकदम शांतता पसरते. सेवाज्येष्ठतेची यादी सरकार काढतं. पण कचेरीचं खरोखर कोणावाचून अडतं, ते या तीन बटणांवर ठरतं.

बटणरावांचं काम रीतसर. आधी पेन्सिलीने प्रारूप यादी, मग हरकती, मग शाईने अंतिम यादी. पहिलं बटण साहेबांच्या बंगल्याचं. त्यावर कोणाची हरकत नसते, कारण साहेबांचा निरोप चुकला तर मेमो मिळतो, बाईसाहेबांचा चुकला तर बदली. दुसरं कोषागाराचं, पगारबिलं तिथे अडतात म्हणून. खरी लढाई तिसऱ्यासाठी. लेखाधिकाऱ्यांना वाटतं ते आपलं, जावक बारनिशीवाल्या बाईंना वाटतं पोस्टाचं, आणि दर वेळी ते जातं नाक्यावरच्या चहावाल्याला. लेखाधिकारी दोन दाबांच्या वर्गात उतरतात आणि पुढचे दोन महिने बटणरावांच्या प्रवासभत्त्याच्या बिलात त्रुटी निघत राहतात.

कोणी नवा लागलेला मुलगा सुचवतो, "मामा, 112 घाला की एकावर. पोलीस, आग, सगळं येतं त्यात."

"तीन आकड्यांसाठी अख्खं बटण?" बटणराव हळहळतात. "सरकारी मालमत्ता आहे रे ही."

नंबर भरताना पंखासुद्धा बंद. आधी 'स्टोअर', मग बाहेरच्या लाइनसाठी शून्य, मग 'पॉज', मग नंबर, पुन्हा 'स्टोअर', शेवटी बटण. मध्येच कोणी "मामा, डबा खायला चला" म्हटलं की बोट रेंगाळतं, फोन चिडून टूं टूं करतो आणि सगळं पहिल्यापासून. पॉज हा तर त्यांचा खास प्रांत. शून्य दाबल्यावर कचेरीच्या एक्स्चेंजला बाहेरची लाइन द्यायला क्षणभर लागतो. तेवढं न थांबता आकडे सोडले तर पुढचे एकदोन वाया जातात आणि फोन लागत नाही, लागलाच तर भलतीकडे. "माणसं पॉज घेत नाहीत, तिथेच घोटाळा होतो," हे ते इतक्या गंभीरपणे म्हणतात की ऐकणाऱ्याला आपल्या लग्नाची तारीख आठवावी.

15 जानेवारी 2021 हा त्यांच्या कारकिर्दीतला सोन्याचा दिवस. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचं, हा नियम त्या दिवसापासून देशभर लागू झाला. कचेरीतली मोबाइलची सगळी बटणं एका रात्रीत निकामी. लोक वैतागले, बटणराव मात्र नवा शर्ट घालून आले. एकेका टेबलावर जाऊन त्यांनी प्रत्येक नंबरात शून्य घातलं. "मामा, दोन-दोन शून्यं कशाला?" असं विचारणाऱ्याला उत्तर तयार होतं: "एक बाहेर पडायला, दुसरं पोचायला."

एवढा जीव ओतूनही ते स्वतः ही बटणं कधी दाबत नाहीत. कोषागाराला फोन करायचा झाला की ड्रॉवरमधली डायरी काढतात, नंबर तोंडपाठ असूनही त्यावर बोट ठेवतात आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबतात. बटणं बाकीच्यांसाठी. त्यांनी नंबर विसरावेत आणि मामांना विचारावेत, अशी ती व्यवस्था.

ती व्यवस्था एका सोमवारी फळाला आली. फोनमधले सेल शनिवार-रविवारच्या सुट्टीत संपले आणि मेमरी धुऊन निघाली. साहेबांचा बंगला, कोषागार, चहावाला, सगळे एका पातळीवर आले. अकरा वाजले तरी चहा नाही. नंबर कोणालाच ठाऊक नव्हता. इतकी वर्षं सगळ्यांनी फक्त तिसरं बटण दाबलं होतं. अखेर लेखाधिकारी स्वतः उठून आले. त्यांच्या हातात प्रवासभत्त्याचं बिल होतं, मंजूर केलेलं.

"मामासाहेब, तेवढा चहावाल्याचा नंबर..."

बटणरावांनी बिल घेतलं, सही तपासली, घडी घालून खिशात ठेवलं. मग पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "देतो की. आधी प्रारूप यादी लागू दे. हरकतींना सात दिवस."