दाराबाहेरची पहिली सकाळ

पळण्यासाठी मराठीत शब्दांची चणचण नाही. फक्त पळणारा कोण, हे आधी बघावं लागतं.

शिवाजी महाराज १६६६ साली आग्र्याहून निसटले, ती ‘सुटका’. कैदी तुरुंगातून गेला, ते ‘पलायन’. मुलगा न सांगता गेला, तर ‘घर सोडून गेला’. आणि मुलगी?

‘पळून गेली’. पाठोपाठ ठरलेला प्रश्न: कुणाबरोबर?

ती एकटीही जाऊ शकते, हे अजून आपल्या बोलण्यातच आलेलं नाही.

पुस्तकांत आणि पडद्यावरही पळणाऱ्यांची गर्दी आहे, आणि आपल्याला ती आवडते. का आवडू नये? रोज तीच लोकल, तोच साहेब, तेच हप्ते. कुणीतरी भिंत फोडली की आपल्यालाही मोकळं वाटतं. पण माझा राग वेगळाच आहे. दार उघडलं, नायक बाहेर आला, संगीत चढलं, थिएटरात दिवे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठे उठला? चहाचे पैसे कुणी दिले? मागे राहिले त्यांचं काय झालं?

गोष्ट तिथे सुरू व्हायला हवी. बहुतेक वेळा ती तिथेच संपते.

‘द शॉशँक रिडम्प्शन’ घ्या. १९९४चा सिनेमा, स्टीफन किंगच्या लघुकादंबरीवरचा. तेव्हा तिकीटबारीवर आपटला, आज लोकांना पाठ आहे. अँडी डुफ्रेन १९ वर्षं छोट्याशा हातोडीनं भिंत कोरतो, भोकावर नटीचं पोस्टर लावतो आणि वादळी रात्री ५०० यार्डांच्या मैल्याच्या नळातून सरपटत बाहेर पडतो. पावसात हात पसरून उभा राहिलेला अँडी सगळ्यांना आठवतो.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलेला अँडी किती जणांना आठवतो?

अंगात वॉर्डनचा सूट, पायात वॉर्डनचेच बूट. वॉर्डनचा काळा पैसा लपवण्यासाठी अँडीनंच कागदोपत्री एक माणूस तयार केलेला होता. आता तो स्वतःच तो माणूस होतो आणि तीन लाख सत्तर हजारांहून जास्त डॉलर काढून घेतो. भिंत हातोडीनं फुटली, पण मेक्सिकोपर्यंत पोचवलं ते हिशेबाच्या वहीनं. अँडी मुळात बँकर होता. शेजारच्या कोठडीतल्या अडाणी कैद्यानं तेवढीच भिंत कोरली असती, तर आठवडाभरात त्याला बेड्या घालून परत आणला असता.

याच सिनेमात ब्रुक्स नावाचा म्हातारा आहे. ५० वर्षांनंतर त्याला रीतसर सोडतात. राहायला खोली देतात, दुकानात सामान पिशव्यांत भरायचं काम देतात. रस्त्यावरच्या मोटारी पाहून तो बावरतो, रात्री झोप लागत नाही. एक दिवस तो तुळईवर आपलं नाव कोरतो आणि तिथेच गळफास घेतो.

ब्रुक्सला कुणी कोंडलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर काय, या प्रश्नाचं उलट्या बाजूनं दिलेलं उत्तर आपल्याकडे आहे. औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैद्यांना भिंतीआड न ठेवता शेतीत घातलं. त्यावरून गदिमांनी गोष्ट लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ केला. सहा खुनी, एक जेलर, ओसाड जमीन. बर्लिनला पारितोषिक मिळालं, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यातला खरा धाडसी विचार कुठला? कैद्याच्या हाताला काम द्या, पोटाला पिकवलेलं खाऊ द्या, त्याच्यावर विश्वास ठेवा. मग कुंपण कशाला? चित्रपटाला सत्तर वर्षं होत आली. आपल्या तुरुंगांच्या भिंती आहेत तिथेच आहेत.

पैशाकडे परत येतो, कारण यावर सगळ्यांत रोखठोक बोलला तो एक चिनी लेखक.

इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ साली कोपनहेगनला रंगभूमीवर आलं. नोरा नवरा आणि तीन मुलं सोडून दारातून बाहेर जाते. त्या दाराच्या आवाजावर आजवर ढिगानं लिहिलं गेलंय. जर्मनीतल्या एका नटीनं तर मुलांना टाकून जाणारी आई रंगवायला साफ नकार दिला. शेवटी इब्सेननं नाइलाजानं दुसरा शेवट लिहून दिला: नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. हा आपल्या नाटकावरचा अत्याचार आहे, असंही त्यानंच सांगून टाकलं.

बाई बाहेर गेली तर प्रेक्षक घाबरतो. मग तिला आत ओढायला मुलं पुढे करायची. ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.

१९२३ साली बीजिंगमध्ये मुलींच्या कॉलेजात लू शून या लेखकानं व्याख्यान दिलं. विषय होता, नोरा घर सोडून गेल्यावर पुढे काय? टाळ्या घेऊन घरी जाणं सोपं होतं. लू शूननं समोरच्या मुलींना स्पष्ट सांगितलं की हातात पैसा नसेल तर नोरासमोर दोनच वाटा राहतात, वाईट मार्गाला लागणं किंवा परत येणं. आर्थिक हक्क मिळवा, तो मागणं राजकीय हक्क मागण्यापेक्षाही अवघड आहे. शंभर वर्षांपूर्वीचं हे भाषण मुलींच्या प्रत्येक कॉलेजात वाचून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

आपली नोरा पदवी घेऊन बाहेर पडली. ‘उंबरठा’, १९८२, जब्बार पटेल. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून. स्मिता पाटीलची सुलभा महाजन वकिलाची बायको आहे, खाऊनपिऊन सुखी घर आहे. तरी समाजकार्याचं शिक्षण वाया घालवायचं नाही म्हणून ती महिलाश्रमाची अधीक्षक होऊन दूर गावी जाते. तिला पगार आहे. लू शूनची अट पूर्ण झाली.

पण बाहेर पडून ती काय होते, ते बघा. कोंडलेल्या बायकांच्या किल्ल्या आता तिच्या हातात आहेत. स्वतः उंबरठा ओलांडणाऱ्या बाईनं दुसऱ्या बायकांना उंबरठ्याच्या आत सांभाळायचं. या चित्रपटाची सगळी कळ इथे आहे आणि आपण चर्चा काय केली? तिनं मुलीला मागे ठेवायला हवं होतं का!

ती घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा निघते. शेवटी ती आगगाडीत बसलेली दिसते आणि गाडी चालू असते. ती कुठे उतरणार, हे पटेल सांगत नाहीत. तिथे मला न सांगणंच प्रामाणिक वाटतं.

आता बाप्यांचं बघू. बाप्या घरातून निघून गेला, की तो कशाच्या तरी शोधात गेलेला असतो. घरात पीठ संपलंय, हे त्या शोधकथेत येत नाही.

ते येतं ‘स्मृतिचित्रे’मध्ये.

लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४पासून चार भागांत आलं. नारायण वामन टिळक मोठे कवी, मनानं फार थोर, आणि घरात न सांगता कुठेही निघून जाणारे. त्यांच्या बाजूनं हीच गोष्ट लिहिली असती, तर एका अस्वस्थ आत्म्याचा प्रवास झाला असता. लिहिली बायकोनं. म्हणून त्यात रिकामे डबे आहेत, उसनवारी आहे, नातेवाइकांची बोलणी आहेत, तान्ही मुलं आहेत. १८९५ साली टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला. ते एका धर्मातून सुटले; लक्ष्मीबाई मात्र लहानग्या मुलाला घेऊन कित्येक वर्षं लोकांच्या नजरा झेलत राहिल्या. पळालेल्या माणसाची गोष्ट मागे राहिलेल्या बाईनं सांगितली की ती अशी होते. आणि एवढं सोसूनही पुस्तकभर केवढं हसू! टिळकांवरची माया कुठेही आटलेली नाही.

पण ‘स्मृतिचित्रे’तली खरी सुटका मला टिळकांची वाटत नाही. ती लक्ष्मीबाईंची आहे. कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई विटाळाची कल्पना स्वतःच्या बुद्धीनं, कुणाच्या व्याख्यानाशिवाय, एकेक करून उकलते. जात माणसानं केली, हे ती स्वतःशी ठरवते. मगच पुढचं पाऊल टाकते. तिनं भिंत फोडली नाही, रात्री पळाली नाही. तिला कुणी साखळी घातलेलीही दिसत नव्हती. तरी एवढ्या जाड भिंतीतून आपल्याकडे फार थोडी माणसं बाहेर आली आहेत.

यावर कुणी थरारपट काढत नाही. काढायला हवा.

‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा अख्खा महाराष्ट्र थिएटरात नाचला. इंटरव्हलनंतर सिनेमा सुस्तावतो, अशी कुरकूरही ऐकू आली. म्हणजे कधी? आर्ची-परश्या गाव सोडून हैदराबादला पोचतात तेव्हा.

अहो, तिथेच तर नागराज मंजुळेंनी खरं काम केलंय!

बुलेट चालवणारी पुढाऱ्याची लेक झोपडपट्टीतल्या खोलीत उठते. दुर्गंधीनं तिला मळमळतं. भाषा येत नाही. एका बाईनं आसरा दिला म्हणून दोघं वाचतात. तो डोशाच्या गाडीवर राबतो, ती कारखान्यात बाटल्यांवर. भांडण होतं, संशय येतो, हात उठतो; ती रेल्वेत बसते आणि परत उतरते. भारतीय प्रेमपटांनी वर्षानुवर्षं जी सकाळ कापून टाकली, ती इथे पूर्ण दाखवली आहे. पहिल्या अर्ध्या भागातली गाणी आपण मोबाइलवर ठेवली. दुसरा अर्धा भाग आपल्या लग्नजुळवणीच्या यादीला प्रश्न विचारतो, म्हणून तो लांबला असं वाटलं.

आणि ती दोघं सापडतात कशामुळे? आर्ची आईला फोन करते म्हणून.

पळालेल्या मुलीला आईची आठवण येते, यात तिची चूक कोणती? तिच्या त्या मायेच्याच वाटेनं मारेकरी येतात, हातात माहेरच्या भेटवस्तू घेऊन. घरची माणसं दारात आली म्हणून ती आनंदानं चहा करायला लागते. हा प्रसंग मला आजही नीट बघवत नाही. जात सोडून पळता येत नाही, हे सांगायला मंजुळेंना एकही भाषण लागलं नाही.

२०१८ साली ‘धडक’ नावानं हिंदीत हीच गोष्ट उदयपूरहून कोलकात्याला गेली. वाटेत जात पुसट झाली. शेवटही बदलला, नायिकेला जिवंत ठेवलं आणि नवरा-मूल मारलं. ज्या गोष्टीतून जात गळते, त्यात ही दोघं पळतात तरी कशापासून? रागीट बापापासून? रागीट बाप समजूत काढल्यावर निवळतो. जात निवळत नाही.

राहिले ते लोक, ज्यांना पळायला मुभा आहे पण पोचायला जागा नाही.

‘कॅसाब्लांका’ हा १९४२चा चित्रपट सगळ्या जगानं प्रेमकथा म्हणून जपला. त्यातला गुंता मात्र कागदाचा आहे. नाझींपासून पळालेली माणसं मोरोक्कोत येऊन अडकतात. लिस्बनला नेणारा परवाना ज्याच्याकडे आहे, तो जगेल. तिथे कॅफे चालवणारा रिक आपल्याकडचे दोन परवाने प्रेयसीला आणि तिच्या नवऱ्याला देतो, विमान उडतं. त्या सिनेमातले कितीतरी नट खरोखरच युरोपातून परागंदा झालेले होते. रिकच्या कॅफेत गिऱ्हाइकं गात असताना जिच्या डोळ्यांत पाणी येतं ती मादलेन लबो आणि जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालिओ, हे तेव्हा नवरा-बायको. १९४० साली पॅरिसहून जीव घेऊन निघाले होते, तेही लिस्बनमार्गेच. ती आसवं काढायला दिग्दर्शकाला फार सांगावं लागलं नसेल.

याच्या तीन वर्षं आधी, १९३९ साली, हाच विषय मराठीत येऊन गेला होता. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. एवढी एकच कादंबरी त्यांनी लिहिली. बोट युरोपातून निघालेली, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू. त्यांतल्या हर्टावर चक्रधर या मराठी तरुणाचं प्रेम बसतं. ते प्रेम जेवढे दिवस बोट पाण्यात, तेवढ्याच दिवसांचं आहे, हे दोघांनाही कळतं. युद्ध अजून सुरू व्हायचं होतं आणि एका मराठी लेखकाला निर्वासिताची सकाळ दिसत होती. आपण ही कादंबरी अभ्यासक्रमात घातली, तिच्या तंत्रावर प्रश्न काढले, आणि जगाला तिच्याबद्दल सांगायचं राहून गेलं.

रिकच्या खिशात परवाने होते. चक्रधरच्या खिशात काहीच नव्हतं. शिवाय एक जुनी जखम होती, तिनं त्याला प्रेमावर विश्वास टाकू दिला नाही.

मुंबई येते. चक्रधर उतरतो, त्याचा देश इथे आहे. हर्टा बोटीवरच राहते, बोट पूर्वेकडे निघते. हिटलरच्या हातून निसटलेली ही मुलगी पुढच्या समुद्रात स्वतःला झोकून देते. तिची पत्रं मागून येतात.

सकाळी उठून ती वाचायची असतात चक्रधरला.