डोंबिवलीचा आकडा

“काकू, ऐकलंत का? आपल्या डोंबिवलीच्या नावानं एक आकडा आहे म्हणे!”

“मटक्याचा का गं?”

“छे हो, गणितातला! डेमलो संख्या. जीआयपी रेल्वेच्या काळात आपल्या स्टेशनाला डेमलो म्हणायचे. देवळालीच्या शाळेतले द. रा. कापरेकर मास्तर होते ना, त्यांना तिथंच ही कल्पना सुचली. मग स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं.”

“आम्हाला त्या स्टेशनावर चौथी सीट मिळेल का, एवढंच सुचतं. बरं, असतो तरी कसला हा आकडा?”

“त्यातला सगळ्यात देखणा सांगते. ओळीनं नऊ एक लिहायचे आणि त्या संख्येचा वर्ग करायचा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१.”

“अगं बाई! जशी चढली तशीच उतरली की!”

“सतरा आकडी आहे. आपल्या जुन्या मोजणीत कोटी, अब्ज, खर्व मागे टाकून थेट ‘मध्य’वर पोचते. त्यापुढं फक्त परार्ध!”

“आणि स्वभावानं कशी आहे?”

“गुणाची! सगळ्या अंकांची बेरीज ८१, आणि त्याच ८१ नं तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना हर्षद म्हणायचं, हेही कापरेकरांनीच ठरवलेलं.”

“घरात माणसं किती?”

“वाडा एवढा मोठा, पण मूळ अवयव तीनच. ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा.”

“मग नऊवरच का थांबायचं? दहा एक घेऊ दे की.”

“तिथंच तर बिनसतं! दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ कुठं दिसतोय का बघा.”

“सातनंतर एकदम नऊ? आठ पळाला कुठं?”

“मांडून बघा. नऊ एकांपर्यंत कुठल्याच घराची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा झाले की मधल्या घरात दहा जमतात. शून्य मांडायचं, हातचा एक डावीकडच्या नवाला. नवाचे झाले दहा. परत शून्य, हातचा आठाला.”

“म्हणजे आठाचे नऊ! पळाला कसला, बढती मिळाली त्याला!”

“आणि ही सगळी चौथीतली गुणाकाराची रीत, काकू. मास्तर १९६२ साली निवृत्त झाले. पुढं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगभर बोलबाला झाला.”

“तरी म्हटलं, डोंबिवलीचं नाव निघालं आणि गर्दीचा विषय नाही! थांब, अकरा एकांचं काय होतं ते मीच बघते. दुधाच्या वहीची मागची पानं कोरीच आहेत.”