बालकथेला मिसरूड कसं आणावं?

लहानपणी वाचलेली एखादी जादूची गोष्ट घ्यायची, तिच्यातली पात्रं उचलायची आणि मोठ्यांसाठी जाडजूड कादंबरी लिहायची, हा इंग्रजी प्रकाशनव्यवसायातला गेल्या तीसेक वर्षांतला तेजीचा धंदा आहे. भांडवल कमी लागतं. पात्रं तयार, नकाशा तयार, खलनायक तयार, शिवाय वाचकाच्या मनातली जागाही आधीच राखून ठेवलेली. आता फक्त लिहिणं तेवढं बाकी. होतकरू लेखकांची या धंद्यात फसगत होऊ नये म्हणून पुढचे सहा धडे. प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय आहे. तो वहीत सोडवावा. पुस्तकाच्या मागे उत्तरं दिलेली नाहीत.

धडा १ : लेखक वारला आहे ना, बघून घ्या

गोष्ट निवडण्याआधी तिच्या लेखकाचं मृत्यूचं साल शोधावं. नुसता वारलेला चालत नाही. वारून पुरेशी वर्षं झालेला हवा.

एल. फ्रँक बॉमचं ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ १९०० सालचं. अमेरिकेत त्याचे हक्क १९५६ मध्ये संपले आणि ऑझची वेस सगळ्यांना मोकळी झाली. तरी आत शिरल्यावर जपून चालावं. पुस्तकात नायिका डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. माणकांचे लाल बूट आणले ते १९३९ च्या चित्रपटाने, त्यामुळे ते चित्रपट कंपनीच्या मालकीचे. डिस्नेला १९८५ च्या ‘रिटर्न टू ऑझ’मध्ये लाल बूटच हवे होते, तेव्हा त्यांचे वेगळे पैसे मोजावे लागले. नवशिक्यांनी चांदीत समाधान मानावं.

पीटर पॅनचं प्रकरण आणखी नाजूक. जे. एम. बॅरी यांनी त्याचे हक्क १९२९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाला देऊन टाकले आणि १९८८ मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यात खास तरतूद करून त्या देशापुरतं मानधन रुग्णालयाला कायमचं मिळवून दिलं. पीटरचं वय वाढत नाही आणि त्याचं बिलही थांबत नाही.

नार्नियाचे सी. एस. लुईस वारले १९६३ मध्ये. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतात, म्हणजे तिथल्या मंडळींना २०३४ उजाडायची वाट बघणं आलं. फ्रान्सिस स्पफर्ड हा चांगला नावाजलेला लेखक. त्याला राहवलं नाही, त्याने नार्नियाची एक नवी कादंबरी लिहून काढली आणि पंच्याहत्तर प्रती छापून गप्प बसला. भारतात मात्र ही मुदत साठ वर्षांची आहे. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपायला आले तेव्हा ती पन्नासावरून साठवर नेली गेली. लुईस यांची साठ वर्षं २०२३ अखेर भरली. तेव्हा नार्नियात नेणारं कपाट ऑक्सफर्डमध्ये अजून कुलूपबंद असलं तरी साताऱ्यात ते उघडं आहे. नावांवरचे ट्रेडमार्क ही निराळी भानगड. तेवढ्यासाठी वकील गाठावा.

*स्वाध्याय : आवडत्या पाच बालकथाकारांच्या मृत्यूची सालं लिहा. हयात लेखकांकडे आशाळभूतपणे पाहू नका.*

धडा २ : खलनायकाची बाजू घ्या, पण वकीलपत्र घेऊ नका

या धंद्यातली सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे तीच गोष्ट दुष्टाच्या तोंडून सांगणं. मराठी वाचकाला हिचं नवल वाटायचं कारण नाही. १९६७ पासून तो ‘मृत्युंजय’ वाचतो आहे आणि कर्णाच्या बाजूने हळहळतो आहे.

नवशिका काय करतो, तर चेटकिणीला एक दुःखी बालपण देतो. आई लवकर गेली, बापाने जीव लावला नाही, शाळेत पोरांनी चिडवलं, मग ती दुष्ट झाली नसती तर काय! तीन प्रकरणांत जामीन, शेवटच्या प्रकरणात निर्दोष सुटका. असल्या कादंबरीत चेटकीण तर उरत नाहीच, गोष्टही उरत नाही.

ग्रेगरी मॅग्वायरने १९९५ मध्ये ‘विकेड’ लिहिली ती अशी नाही. बॉमच्या पुस्तकात पश्चिमेच्या चेटकिणीला नावही नव्हतं, एकच डोळा होता. मॅग्वायरने बॉमच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एल्फाबा हे नाव दिलं. जन्मतःच हिरवी कातडी दिली, जी खरं तर १९३९ च्या चित्रपटाची देणगी. मग तिला विद्यापीठात घातलं. त्याच सुमारास ऑझमध्ये बोलणाऱ्या प्राण्यांचे हक्क एकेक करून काढून घेतले जात आहेत. ज्याच्यावर तिची श्रद्धा तो प्राध्यापक बोकड आहे, आणि त्याचा खून होतो. एल्फाबा बंड करते, पण तिच्या हातून धड काही तडीस जात नाही. ती माणसंही दुखावते. आखाती युद्धाच्या वेळी मॅग्वायर लंडनमध्ये राहत होता आणि सद्दाम हुसेनला हिटलर ठरवणारे मथळे रोज वाचत होता. एखाद्याला एकदा दुष्ट म्हटलं की त्याच्याशी कसंही वागायची मुभा लोकांना कशी मिळते, हा प्रश्न त्याला तिथे पडला. प्रश्न आधी आला, चेटकीण नंतर. क्रम लक्षात ठेवा.

याच जातीचं, पण हसत हसत केलेलं काम हवं असेल तर जॅन नीडलची १९८१ ची ‘वाइल्ड वुड’ पाहा. केनेथ ग्रॅहमच्या ‘द विंड इन द विलोज’मध्ये बेडूकराव मोटार चोरून तुरुंगात जातो आणि रानातले मुंगसांच्या चणीचे चिल्लर प्राणी त्याचा वाडा बळकावतात. ग्रॅहम हा बँक ऑफ इंग्लंडचा सेक्रेटरी. वाडा मालकाला परत मिळाला की त्याचं समाधान होतं. नीडलने तीच हकीकत वाड्याबाहेर उपाशी थंडी काढणाऱ्यांकडून सांगितली. मूळ घटनांना धक्का न लावता दरोड्याचं आंदोलन झालं.

*स्वाध्याय : एका खलनायकाचं आत्मकथन दोन पानांत लिहा. ‘गैरसमज’ हा शब्द वापरल्यास गुण कापले जातील.*

धडा ३ : काळोख बाहेरून आणू नका

नवशिक्याची समजूत अशी की बालकथा गोड असते, तेव्हा ती मोठ्यांची करायची म्हणजे तिच्यात रक्त, शिव्या, व्यसनं आणि पलंग घालायचे. ॲलिसला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, सशाच्या हातात सुरा दिला की पुस्तक प्रौढांच्या कपाटात जाऊन बसतं. पुस्तक बसतं खरं; वाचक मात्र पन्नासाव्या पानावर उठून जातो.

मूळ पुस्तकं पुन्हा उघडून पाहा. बॉमने प्रस्तावनेत सांगितलं होतं की आपली परीकथा आधुनिक आहे, तीत मौज ठेवली आहे आणि दुःस्वप्नं काढून टाकली आहेत. त्याच पुस्तकात टिनचा लाकूडतोड्या एका बैठकीत चाळीस लांडग्यांची मुंडकी उडवतो आणि बुजगावणं चाळीस कावळ्यांच्या माना पिरगळतं. तो लाकूडतोड्या टिनचा झाला कसा? मंतरलेल्या कुऱ्हाडीने स्वतःचाच एकेक अवयव तोडत गेला म्हणून. कोलोदीचा पिनोकिओ शहाणपण शिकवणाऱ्या रातकिड्याला हातोडी फेकून मारतो. १८८१ मध्ये ही गोष्ट मुलांच्या नियतकालिकात क्रमशः येत होती, तेव्हा पंधराव्या प्रकरणात पिनोकिओला झाडाला फाशी देऊन लेखकाने ती संपवली होती. बालवाचकांनी मागणी लावून धरली म्हणून पुढचे भाग लिहिले गेले.

बॅरीच्या १९११ च्या कादंबरीत तर एक चालता चालता सांगितलेली बाब आहे : नेव्हरलँडमधली मुलं मोठी होऊ लागली की पीटर त्यांची संख्या कमी करतो. कशी, ते बॅरी सांगत नाही. ब्रॉम नावाच्या चित्रकार-लेखकाने नेमकी तीच जागा पकडली आणि २००९ मध्ये ‘द चाइल्ड थीफ’ लिहिली. त्यातला पीटर आजच्या न्यूयॉर्कमध्ये मारहाणीला, छळाला कंटाळलेली पोरं हेरतो आणि स्वतःच्या लढाईसाठी घेऊन जातो. भयानक पुस्तक आहे, पण त्यातली भीती घरचीच आहे.

आणि प्रौढपणा म्हणजे रक्तच, असंही नाही. रॉबर्ट कूव्हरच्या १९९१ च्या ‘पिनोकिओ इन व्हेनिस’मध्ये पिनोकिओ आता म्हातारा नामवंत प्राध्यापक आहे आणि त्याचं अंग पुन्हा लाकूड होत चाललं आहे. लाकडाचा मुलगा झाला इथे कोलोदी थांबला. मुलाचं पुढे काय झालं हे कूव्हरने विचारलं. एडवर्ड केरीने २०२० मध्ये ‘द स्वॉलोड मॅन’ लिहिली, ती माशाच्या पोटात अडकलेल्या जेपेत्तोची रोजनिशी आहे. मूळ गोष्ट मुलामागे धावते, त्यामुळे बाप तिथे अंधारात एकटा काय करत होता हे कुणी पाहिलंच नव्हतं.

*स्वाध्याय : मूळ पुस्तकातली अशी एक ओळ शोधा, जी लहानपणी तुमच्या नजरेतून निसटली होती. सापडेपर्यंत एकही शिवी लिहू नका.*

धडा ४ : नायकाला मागेल ते द्या आणि मजा बघा

हक्कांची अडचण असेल तर लेव्ह ग्रॉसमनचा मार्ग धरावा. त्याने नार्नियाला हात लावला नाही. फिलरी नावाचा स्वतःचाच देश उभा केला. कपाटाच्या जागी उंच घड्याळ, सिंहाच्या जागी दोन मेंढे. कोणत्या वाड्याची नक्कल आहे हे शेंबडं पोरही ओळखेल, पण कोर्टात सिद्ध करणं अवघड.

‘द मॅजिशियन्स’ (२००९) चा नायक क्वेंटिन ब्रुकलिनमधला हुशार, चिडचिडा मुलगा. लहानपणापासून फिलरीच्या पुस्तकांवर जीव टाकलेला. त्याला खरोखरच जादूच्या कॉलेजात प्रवेश मिळतो. तिथे जादू म्हणजे बोटांची किचकट वळणं, पाठांतर आणि परीक्षा. आपल्याकडच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजइतकीच रटाळ मेहनत. पुढे फिलरीही खरी निघते, तो तिथे जातो. तरी तो सुखी होत नाही, कारण जाताना स्वतःलाही बरोबर घेऊन गेलेला असतो.

नवशिका इथे नायकाला स्वप्न नाकारून दुःखी करतो. ते कुणालाही जमतं. स्वप्न पुरं करून त्याला तसंच अस्वस्थ ठेवणं, हे काम अनुभवी हाताचं.

*स्वाध्याय : तुमच्या नायकाला हवं ते तिसऱ्या प्रकरणात देऊन टाका. पुढची तीनशे पानं कशी भरणार, ते पाच ओळींत सांगा.*

धडा ५ : लेखकाला गोष्टीत ओढताना हात धुऊन घ्या

पात्रं संपली की लेखकालाच पकडायची हल्ली रीत आहे. बॉम, बॅरी, ‘ॲलिस’वाला लुईस कॅरल, सगळे कादंबऱ्यांतून फिरतात. कॅरल तर फार सोयीचा. त्याच्या रोजनिशीतलं जून १८६३ चं एक पान कापलेलं आहे आणि त्याच सुमारास लिडल कुटुंबाशी त्याचं बिनसलं. खरी ॲलिस त्या घरातली. मेलनी बेंजामिनने २०१० च्या ‘ॲलिस आय हॅव बीन’मध्ये म्हाताऱ्या ॲलिसकडून ती पोकळी भरून घेतली. नवशिक्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की हरवलेलं पान हा पुरावा नसतो. कादंबरीला संशय पुरतो. तिने न्यायनिवाडा करू नये.

हा धडा उत्तम गिरवला जेफ राइमनने, १९९२ च्या ‘वॉज’मध्ये. कॅन्ससमध्ये डोरोथी नावाची एक अनाथ मुलगी खरोखरच राहत होती आणि नातलगांच्या घरात तिचे हाल झाले, अशी कल्पना त्याने केली. बॉम तिथे काही काळ बदली शिक्षक म्हणून येतो, तिला भेटतो आणि तिच्या वाट्याला न आलेलं बालपण पुढे पुस्तकात लिहितो. या कादंबरीतला बॉम गुन्हेगार नाही, तारणहारही नाही. तो जे करू शकत होता ते त्याने केलं : एक गोष्ट लिहिली. मुलीच्या मदतीला ती पोचली नाही.

*स्वाध्याय : नाही. हा धडा नुसता वाचा.*

धडा ६ : शेवट सगळ्यांना ठाऊक आहे

या प्रकारात शेवट लपवता येत नाही. डोरोथी बादलीभर पाणी फेकणार आणि चेटकीण विरघळणार, हे वाचक घरूनच माहीत करून येतो. नवशिका इथे कचरतो आणि शेवट बदलतो. ब्रॉडवेवर २००३ मध्ये आलेल्या ‘विकेड’च्या संगीतिकेनेही तेच केलं. तिथे एल्फाबा मेल्याचं नाटक करते आणि प्रियकराबरोबर निघून जाते. तिकीट काढून आलेल्यांना रडत घरी पाठवायचं नाही, हा त्या धंद्याचा हिशेब, आणि तो चुकीचाही नाही.

मॅग्वायरच्या कादंबरीत मात्र ती मरते. तिच्या झग्याला आग लागते, ती जळू नये म्हणून डोरोथी पाणी ओतते आणि त्या पाण्यानेच ती संपते. बादली तीच, पाणी तेच, परिणाम तोच. बदललं आहे ते फक्त कारण : वार करायला उचललेली बादली आता जीव वाचवायला उचलली गेली आहे. एवढ्या एका फरकाने बॉमची सगळी गोष्ट पुन्हा वाचावी लागते.

*स्वाध्याय : मूळ शेवट जसाच्या तसा ठेवून फक्त त्याचं कारण बदला.*

परीक्षेला बसण्यापूर्वी

या धंद्यात नापास होणाऱ्यांचं एक सामाईक लक्षण आहे. ते चित्रपटाच्या आठवणीवरून लिहितात. त्यांची चेटकीण हिरवी असते, बूट लाल असतात आणि पीटर गोंडस असतो. बॅरीच्या पुस्तकाच्या अखेरीला त्याच पीटरला त्याचा वैरी हुक आठवत नाही, सोबतीण परी टिंकर बेलही आठवत नाही, हे त्यांनी वाचलेलंच नसतं. मोठ्यांसाठी लिहिण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक वेळा मूळ पुस्तकातच पडून असतं, कारण चांगले बालसाहित्यिक मुलांपासून फारसं लपवत नाहीत. लपवतात ते नंतरचे लोक.

तेव्हा मूळ पुस्तक आणा, पहिल्या पानापासून वाचा आणि जिथे पोटात खड्डा पडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. कादंबरी त्या खुणेपासून सुरू होईल. सगळं वाचूनही खूण करावीशी वाटली नाही तर त्या पुस्तकाला हात लावू नका, दुसरं घ्या. जुन्या बालकथा स्वस्त मिळतात.