एक पायाभूत गृहस्थ

पुण्यात एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या स्कूटरींवर पिवळसर भुशाचा थर दिसला, की समजावं, इथे एक हौशी सुतार राहतो. हे गृहस्थ बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात, नाही तर टेल्कोतून. बँकवाले लाकडाच्या घनफुटांचा हिशेब पैशापर्यंत जुळवतात. टेल्कोवाले सागवानाला व्हर्नियर लावतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे आषाढातलं माप दसऱ्यापर्यंत टिकत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी लावतात.

यांना टेबल करायचंय असं घरच्यांना वाटतं. तसं काही नसतं. यांना पाय करायचे असतात, आणि तेही निमुळते. "सरळ पाय काय, कुणीही करील," असं म्हणून ते आपल्याला स्टुलावर बसवतात (स्टूल विकतचं असतं) आणि सांगू लागतात. पावणेदोन इंच चौरस पाय. वरचे चार-पाच इंच सरळ ठेवायचे, कारण तिथे आडपट्टीचं कुसू बसतं. त्याखाली उतार सुरू करायचा आणि जमिनीशी पाय बरोबर सात सुतांवर आणायचा. उतार आतल्या दोनच बाजूंना. बाहेरूनही दिलात, तर टेबल गुडघे जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं. हे सगळं खरं आहे. पण ते ऐकताना आपला चहा गार होतो, कारण कप ठेवायला टेबल नसतं.

लाकडासाठी ते भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जातात. "बल्लारशाचं आहे ना? अयोध्येच्या मंदिराला आपल्या चंद्रपूरकडचंच सागवान गेलं," असं व्यापाऱ्यालाच ऐकवतात आणि फळीवर बोटाच्या पेराने टकटक करतात. त्या आवाजातून त्यांना काय कळतं, देव जाणे. व्यापाऱ्याला मात्र गिऱ्हाईक कळतं आणि तो भाव सांगतो.

मग चंदीगड येतं. ते आल्याशिवाय यांचं व्याख्यान संपत नाही. ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने 1950 च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी निमुळत्या पायांच्या सागवानी खुर्च्या आखल्या. कचेऱ्यांनी पुढे त्या भंगारात काढल्या, आणि परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांनी बोली लागू लागली. अखेर 2011 मध्ये केंद्रीय गृहखात्याला ते फर्निचर विकू नका, असं बजावावं लागलं. "अहो, मग आपलेही पाय कुणी परदेशात नेत असेल तर बघा ना," असं आतून ऐकू येतं. आपल्याकडे गृहखात्याची हरकत नसते.

हाताने रंधा मारणं यांना मंजूर नाही. पाय करवतीवर तिरका धरायला जिग लागतं, जिग काटकोनात बसवायला आणखी एक जिग लागतं, आणि त्या दोन्हींना ठेवायला कपाट. ते कपाट बाहेरून करून घेतात. ते करायला आलेला मिस्त्री खरा घोळ घालतो. "काका, दिखाओ," म्हणत तो एक पाय उचलतो, कानावरच्या पेन्सिलीने दोन रेघा ओढतो आणि रंधा लावतो. आधी तळाशी आखूड हात, मग जाडीकडून बारीक टोकाकडे लांब लांब हात, म्हणजे तंतू उचकटत नाहीत. झिलप्या उडत राहतात, आणि वर चहा उकळायच्या आत पाय तयार होतो. काका गुण्या लावतात, पट्टी लावतात, शेवटी व्हर्नियरही लावतात. खाली बरोबर सात सूत.

"नुसतं डोळ्याने केलंय," ते मिस्त्री गेल्यावर सांगतात. "पद्धत नाही."

आमच्या सोसायटीतही असे एक गृहस्थ आहेत आणि त्यांचे पाय आता माळ्यावर मावत नाहीत. तेव्हा वाचकहो, कुणाकडे तीन बाय दोन फुटांची चांगली फळी पडून असेल, तर घेऊन या. टेबल फुकट मिळेल, व्याख्यान ऐकावं लागेल. येताना माप इंच-सुतांत लिहून आणा, आणि मिस्त्रीला सोबत आणू नका.