पी-०७००

खारदांड्यात गाडी असणं आणि ती उभी करायला जागा असणं ही दोन वेगळी भाग्यं आहेत. मला पहिलं लाभलंय. दुसऱ्यापुरती मी ती रात्री बोंबील वाळत घातलेल्या वलांडीजवळ भिंतीला खेटून लावतो.

क्लचचा जाच नको म्हणून ऑटोमॅटिक घेतली, तीही जुनी. परवा कार्टर रोडला वळलो, डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटलं आणि गाडी तिसऱ्या गिअरवर अडून बसली. याला लिंप मोड म्हणतात. गिअरबॉक्स आणखी बिघडू नये म्हणून गाडीच लंगडत घर गाठायचं ठरवते. मागचे हॉर्न मात्र मला वाजत होते.

भाच्याने त्याचा खिशातला स्कॅनर स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खोचला. मोबाइलवर उमटलं : पी-०७००. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, सात म्हणजे गिअरबॉक्स. आणि शेवटची दोन शून्यं? ती खरोखरच शून्यं. गिअरबॉक्सच्या संगणकाने इंजिनाच्या संगणकाला एवढंच कळवलेलं असतं की माझ्याकडे बिनसलंय, दिवा लाव. काय बिनसलंय, ते तो पोटात ठेवतो. आमच्याकडे भावकीतली भांडणं अशीच कळतात.

एका चकचकीत वर्कशॉपमधल्या साहेबांना एवढी खबर पुरली. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सव्वा लाख धरून चाला." मी चालतच घरी आलो.

शेजारचे नाखवा जाळं शिवत बसले होते. त्यांच्या बोटीला कोड नाहीत. इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतात आणि निदान करतात. त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून नाकाला लावली. हे तेल लाल असतं. जळलं की तपकिरी होतं, करपट वास मारतं. "तेल बरं हाय. आधी वायरी बघ. आमच्या खाऱ्या हवेत वायर पहिली जाते, इंजिन मग."

मग खार स्टेशनाजवळचा इलेक्ट्रिशियन गाठला. त्याचा मोठा स्कॅनर थेट गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलला आणि पोटातलं बाहेर आलं : पी-०७१५. गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय हे सांगणाऱ्या सेन्सरचा निरोपच पोचत नव्हता. वेग कळेना, म्हणून गिअर बदलायची छाती होईना.

निरोप अडवणारी खारी हवा नव्हती. बॉनेट उघडलं तर सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली. रोज रात्री त्याच बॉनेटवर मांजर झोपते. पण हाताशी बोंबील असताना ती उंदराच्या मागे कशाला लागेल?

वायर जोडली, वर टेप गुंडाळली, कोड पुसला. बिल झालं सातशे रुपये. म्हणजे आकडा कोडाने पहिल्याच दिवशी सांगितला होता.